सात नंबरची भूक

सात नंबरच्या बरणीच्या नळीचं बूच काढून काकांनी तिच्यात पेज ओतायला सुरुवात केली, तेव्हा बाई टेबलाखाली होत्या.

वायरींना चिठ्ठ्या चिकटवायचं काम चाललं होतं. गुरुवारी समिती येणार, कुठली वायर कुठल्या बरणीची हे तिला एका नजरेत कळायला हवं, म्हणून बाई सकाळपासून गुडघ्यांवर रांगत होत्या आणि गुडघे आता कुरकुरायला लागले होते. त्यांना आधी दिसल्या त्या काकांच्या चपला, डाव्या अंगठ्यापाशी तारेने बांधलेल्या. मग नळीत नरसाळं टेकल्याचा आवाज आला. मग डब्याच्या तळाशी चमचा फिरल्याचा. बाईंनी मान तिरकी करून वर पाहिलं. एका हाताने नळी चिमटीत धरून काका स्टीलच्या डब्यातलं काहीतरी पांढरं, दाटसर, थेंबाथेंबाने आत सोडत होते. बाळाला औषध पाजावं तसं.

"काका," बाई टेबलाखालूनच म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

काकांचा हात हलला नाही. उरलेलं त्यांनी आत सोडलं, नळीची चिमटी लावली, बूच दाबून बसवलं, आणि दचकायचं ते त्यानंतर दचकून घेतलं.

"हवा नाही जाऊ दिली आत," ते आधी हेच बोलले. "शप्पथ. तुम्ही शिकवलंय तसंच केलं."

ते खरंच होतं. हवा आत गेली की बरणीतल्या जिवाणूंचा जीव जातो, हे बाईंनी चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि शुद्धीकरण केंद्रावरच्या सगळ्या माणसांमध्ये ते एकट्या काकांनी मनावर घेतलं होतं. बाकीच्यांना बाईंचा उद्योग म्हणजे खुळच वाटायचं. गावभरच्या मोऱ्यांचं पाणी इथे येतं, टाक्यांमधून फिरतं, निवळतं, नदीला जातं. त्यातलं थोडं बाजूला काढून या बाई पत्र्याच्या शेडमध्ये बारा बरण्यांत भरतात. म्हणे त्या पाण्यात काही जिवाणू असतात. ते हवेवाचून जगतात, पाण्यातली घाण खातात आणि खाता खाता थोडीशी वीज सोडतात. बरणीत काळ्या कार्बनच्या कापडाची पट्टी सोडलेली, तिच्यावर ते वस्ती करतात आणि सोडलेली वीज पट्टीतून तारेत येते. किती येते? तर बारा बरण्या मिळून एक बारकासा दिवा, तोही मनात आलं तर. केंद्रावरची माणसं त्यांना मागून जिवाणूबाई म्हणायची. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागली, आणि बाईही ओ द्यायला लागल्या.

या बारांतल्या अकरा बरण्या तीनशे मिलिव्होल्टच्या आसपास घुटमळत होत्या. सात नंबर मात्र गेल्या आठ महिन्यांपासून साडेपाचशेला पोचायचा. बाईंची नोकरी, ही शेड आणि पुढची दोन वर्षं त्या एका आकड्यावर उभी होती. समिती येणार होती ती सात नंबर बघायला. तिला तो पटला तर मोठी टाकी बांधायची. नाही पटला तर महिनाअखेर शेड रिकामी करून किल्ली परत द्यायची.

आणि सात नंबर असा का, हेही बाईंनी शोधून काढलं होतं. त्या बरणीच्या वेळी कापड संपलं होतं, म्हणून त्यांनी उरलेले तुकडे बारीक तारेने एकमेकांना शिवून पट्टी केली होती. त्या शिवणींच्या खाचांमध्ये जिवाणूंना चांगला थारा मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अहवालाच्या पहिल्याच पानावर शिवणीचा मोठा फोटो होता. बाईंना आयुष्यात दुसरं काही नीट शिवता आलेलं नव्हतं.

त्या टेबलाखालून निघाल्या आणि स्टुलावर बसल्या.

"कधीपासून ओतताय?"

"झाले की आठेक महिने," काका म्हणाले. "हिचं शेवटचं औषध संपलं तेव्हापासून."

काकांची बायको आजारी होती हे बाईंना माहीत होतं. बरी झाली, हेही ऐकलं होतं. त्यापुढे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, आजार गेला. पण जाताना भूक घेऊन गेला." काका डब्याचं झाकण लावत बोलत होते. भिंतीपलीकडच्या क्वार्टर्समध्येच त्यांचं घर होतं. "दहाच्या सुट्टीत घरी जातो, पेज भरवतो. चार चमचे जातात, पाचव्याला तोंड फिरवते. आता तिचं वजन किती राहिलंय सांगू का? मी एका हाताने उचलतो. पण उरलेलं टाकायला गेलं की हिला रडू येतं. माझ्यापायी अन्न वाया चाललंय म्हणते. म्हणून मी डबा इकडे घेऊन यायला लागलो. आणि सात नंबर तेव्हा अशक्तच होता की हो. तुम्हीच म्हणाला होतात, हा काही जगत नाही."

"म्हणाले होते."

"मला वाईट वाटलं. पाणी फार पातळ येतं बाई आपल्याकडे. तेवढ्यात कसं पोट भरायचं कुणाचं? मग मी हिला सांगून टाकलं, वाया नाही जात काही, आमच्याकडे एक आहे खाणारा. तेव्हापासून ती निर्धास्त आहे. रोज विचारते, आज किती खाल्लं त्याने?"

बाईंनी लॅपटॉप उघडला. दर दहा मिनिटांनी प्रत्येक बरणीचा आकडा आपोआप नोंदवला जात होता. आठ महिन्यांची रेघ पडद्यावर आली. सात नंबरची रेघ रोज अकराच्या सुमाराला वर चढायला लागायची, तीनला माथ्यावर यायची आणि पहाटेपर्यंत सावकाश उतरायची. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, नऊला पाण्याचे नमुने घ्यायच्या आणि सव्वादहाची बस पकडून आपल्या संशोधन संस्थेत परत जायच्या. आज चिठ्ठ्यांपायी बस चुकली नसती, तर त्यांना हे कधीच कळलं नसतं.

"रविवारी खाली येतो हा," त्या म्हणाल्या. त्या रविवारांवर अहवालात दोन परिच्छेद आणि एक तक्ता होता. सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद, म्हणून सांडपाणी पातळ, असं त्यात सप्रमाण मांडलं होतं.

"रविवारी माझी सुट्टी. घरीच असतो, उरलेलं मी खातो."

बाईंनी एका खड्ड्यावर बोट ठेवलं. "आणि हा? हा तर बुधवार आहे."

काकांनी तारीख वाचली, जरा आठवलं. "हिची बहीण आली होती. गप्पांच्या नादात सगळं खाल्लं हिने."

मग बाईंचं बोट आपसूकच सगळ्यात उंच टोकाकडे गेलं. सहाशे दहा. तो दिवस त्यांना पाठ होता.

"त्या दिवशी वाटीला हातच लावला नाही," काका म्हणाले. "अख्खा डबा ओतला. तिसऱ्या दिवशी सलाइन लावायला नेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बाईंनी आनंदाने केंद्रावरच्या सगळ्यांना चहा पाजला होता. काकांनीही घेतला होता, बशीत ओतून, त्यांच्यासमोर उभं राहून. आठ महिने आपण एका बाईच्या उपासावर खूश होत होतो, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"यापुढे ओतू नका, काका."

"चुकलं का माझं?"

"चुकलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनाच ते कठोर वाटलं. "तुमचं नाही. पण ओतू नका."

"बरं." काका डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. "मग उरलेलं कुठे टाकू?"

बाई उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला लागल्या. काका डबा घेऊन पंपाकडे निघून गेले.

मंगळवारी सकाळी बाईंनी संस्थेत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब तसे वाईट नव्हते. बाईंना मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी आजवर तीनदा वरच्यांची मनधरणी केली होती, आणि चौथ्यांदा करायचं त्राण त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्ही ओतलंत का?"

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग गुरुवारपर्यंत नाहीच ठाऊक."

"सर, सात नंबर उतरायला लागलाय. गुरुवारपर्यंत तो बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसेल."

"मग ओतू दे ना त्या माणसाला आणखी दोन दिवस. इतके दिवस ओततच होता की." साहेबांनी चष्मा परत लावला. "समिती येऊन जाऊ द्या. मुदत मिळाली की सावकाश सगळं दुरुस्त करू. शेडच राहिली नाही, तर दुरुस्त तरी काय करणार?"

बाई उठल्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली; इतर वेळी एवढ्यानेही त्यांना बरं वाटायचं. शेहेचाळीस वय, चार वर्षांत तीन मुदतवाढी, कपड्यांना कायमचा चिकटलेला मोरीचा वास. चुकीला चूक म्हणून भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि बाई फार दमल्या होत्या. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्यांनी पहिल्या थांब्यावर स्वतःला सांगितलं. पाचव्या थांब्यापर्यंत ते त्यांना पटलंही.

शेडमध्ये पोचल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते. सात नंबर तीनशे ऐंशीवर आला होता. बाई स्टुलावर बसून वाट बघत राहिल्या. इतर दिवशी घड्याळ लावावं तसे येणारे काका आज अकरा वाजून गेले तरी आले नाहीत, आणि आले ते धापा टाकत. डबा हातात होता. नुकताच विसळलेला, बाहेरून ओला.

"काका," बाई बुचाकडे बघत म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत ओतलंत तरी चालेल."

"आज नाही उरलं हो."

बाईंनी मान वर केली.

काकांनी झाकण काढून डबा पुढे केला, एखाद्याची खात्री पटवावी तसा. "मी काल हिला सांगितलं, सात नंबरचं खाणं बंद झालं. बाईंनी मना केलंय. तेव्हा कूस बदलून झोपली. आज चार चमचे झाल्यावर म्हणाली, म्हणजे आता हे मोरीत जाणार? मी म्हटलं, जाणार, दुसरं काय करू? तर माझ्या हातातून वाटी घेतली आणि मांडीवर ठेवून बसली. रागावली होती, माझ्यावर की तुमच्यावर, कोण जाणे. दोनदा खाली ठेवली, दोनदा परत उचलली. पाऊण तास लागला. पण संपवली. मी बघतच राहिलो. त्यात उशीर झाला, आता मुकादम बोलेल."

एवढं बोलून त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला, आणि पडद्यावरचा आकडाही पाहिला. काका शिकलेले नव्हते, पण आकडा उतरला की बाईंच्या तोंडावर काय होतं हे त्यांना चार वर्षांत वाचता यायला लागलं होतं.

"तुमची अडचण होत असेल तर सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या मूठभर तांदूळ जास्त टाकतो. तेवढं वेगळं काढून आणतो सात नंबरला. हिला नाही सांगत."

हो म्हणायला एक मान हलवावी लागली असती. बाईंना ती हलवावीशी वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पंप थांबला, पुन्हा सुरू झाला, बरण्यांमधलं पाणी थरथरलं.

"नको," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या विचारतील, आज कुणाला दिलं. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"नाही येत," काकांनी कबूल केलं. मग अगदी साधेपणाने, माहिती म्हणून विचारलं, "तुम्हाला येतं?"

बाईंनी रुमाल काढून बरणीच्या काचेवरचा एक डाग पुसला. तो आतल्या बाजूने होता, त्यामुळे गेला नाही.

समिती गुरुवारी सव्वानऊला आली. तिघेजण होते. एकाने शेडच्या दारातच नाकाला रुमाल लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. एकाला फोनवर फोन येत होते. अध्यक्षीणबाई साठीच्या होत्या. त्या खुर्ची नको म्हणाल्या, वाकून एकेक बरणी बघत गेल्या, आणि चिठ्ठ्या मन लावून वाचल्या. ते बघून बाईंच्या गुडघ्यांना जरा समाधान वाटलं.

मग भिंतीवर आलेख लागला. आठ महिने ऐटीत वर राहिलेली सात नंबरची रेघ सोमवारी दुपारपासून घसरत आली होती आणि आता इतर अकरांमध्ये अशी मिसळली होती, की शोधून काढावी लागत होती.

"सोमवारी काय झालं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"जोडणी सैल झाली असणार," साहेब चटकन म्हणाले. "आमच्याकडे उंदीर फार. होतं असं कधीकधी."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. वाट करून दिली होती, आता फक्त चालत जायचं होतं. शिवणीचा फोटो टेबलावरच्या अहवालात उघडा पडला होता. तारेचा टाका न् टाका दिसत होता.

"जोडणी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारनंतर पेज बंद झाली."

रुमालवाल्याने रुमाल किंचित खाली घेतला. बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. दहाची सुट्टी, चार चमचे, नरसाळं, रविवार. सांगताना आवाज कापला नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बहुधा कापायलाही दम लागत असावा. साहेब खिडकीतून टाक्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे शिवणीचा काही संबंध नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"नाही. बाकीच्या अकरा बरण्याही आळशी नाहीत, उपाशी आहेत. आमचं पाणीच पातळ येतं. हे इथल्या एका माणसाने माझ्याआधी केव्हाच ओळखलं होतं. मी शिवण मोजत बसले."

अध्यक्षीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, एका ओळीपेक्षा थोडं जास्त. काय ते बाईंना दिसलं नाही आणि त्यांनी मान उंचावलीही नाही. शेड जाणार हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. बरण्या कशात गुंडाळाव्या लागतील याचा विचारही करून झाला होता.

"पेज पुन्हा सुरू केली तर सात नंबर वर येईल?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"येईल. पण पेज उरायला हवी. मंगळवारी उरली नाही. काल दोन चमचे उरली, ती काकांनी खाल्ली."

"आणि आज?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गेले आठ महिने सकाळी उठल्याबरोबर त्या सात नंबर वर जावा म्हणून देवाला हात जोडायच्या. आज उठल्या आणि फोनवर ती सपाट रेघ पाहिली, तेव्हा त्यांना चक्क बरं वाटलं होतं.

"आज अजून दहा वाजायचेत," त्या म्हणाल्या, आणि उघड्या दारातून भिंतीपलीकडच्या क्वार्टर्सकडे बघत राहिल्या.